उजवीकडे ससा

नाव: वहीत वर लिहिले आहे, ते पुन्हा नको. सायकलवाल्या मंडळींत मला 'मागची' म्हणतात, तेवढे लिहावे. वय ६१ पूर्ण. धंदा: चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर तपासणे. राहणार: छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, जिना बाहेरून.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, एक ग्लास पाणी पिऊन, पूर्ण भानावर असताना सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा व सून असे राहतो. माझे यजमान किल्ल्या बनवण्याचे काम करत. ते गेल्या वर्षी वारले.

आमच्याकडे एक जोडसायकल आहे. तिला सीट दोन, पेडलांच्या जोड्या दोन आणि हँडल एकच, ते पुढे. मागच्या सीटपुढे धरायला नुसता दांडा आहे, तो वळत नाही. दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात आम्ही दोघे या सायकलवरून जुन्या किनारी रस्त्याने दीपगृहापर्यंत जायचो, मुक्काम करायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत यायचो. एकूण सव्वीस वर्षे. हा रस्ता मोटारींना बंद असून फक्त सायकलींसाठी आहे. त्यामुळे सायकल येईल अशी कल्पना नव्हती, हे तक्रार करणाऱ्या चित्रकारांचे म्हणणे मला मान्य नाही.

कामाची वाटणी अशी. पुढे ते: हँडल, ब्रेक आणि गप्पा. मागे मी: नकाशा, पाण्याची बाटली आणि वळताना हात बाहेर काढून दाखवणे, कारण पुढच्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. ही मागे पाय नुसते ठेवते, मारत नाही, असे ते चारचौघांत सांगत. ते साफ खोटे आहे.

मागच्या सीटवरून पुढचे काही दिसत नाही. माझ्यापुढे सव्वीस वर्षे त्यांच्या शर्टाची पाठ होती. त्यांच्या निळ्या चौकटीच्या शर्टाला कॉलरखाली रफू आहे, ते मी केलेले आहे. रस्त्याचे विचाराल तर मला काही सांगता येणार नाही.

मागच्या रविवारी मुलगा म्हणाला, "आई, सायकल धूळ खात पडलीये. एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी भिंतीवर टांगायला हवी आहे, देऊन टाकू." मी म्हणाले, "आधी मला टांग, मग सायकल टांग." त्यावर सून हसली. मुलगा हसला नाही, म्हणून मी त्याच दिवशी सायकलला तेल दिले.

मागच्या सीटसाठी मी माझ्या नणंदेला विचारले. त्यांचे वय ५८, आमच्यापासून दोन घरे पलीकडे राहतात. भाऊ गेल्यापासून त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. उंचीची त्यांना इतकी धास्ती आहे की बल्ब बदलायला स्टुलावर चढायचे तरी शेजाऱ्याला हाक मारतात. त्या म्हणाल्या, "वहिनी, रस्ता सपाट आहे ना? दरी-बिरी असेल तर मी मेले." मी म्हणाले, "वन्सं, अंगणासारखा रस्ता आहे." हे मी खोटे बोलले नाही. मला ते खरेच तसे वाटत होते.

आज सकाळी ६.४० वाजता निघालो. मुलगा झोपलेला होता, त्याच्यासाठी चिठ्ठी फ्रिजवर लावली. मी पहिल्यांदाच पुढे बसल्यामुळे सायकल सुरुवातीला दारू प्यायल्यासारखी चालली, मग सुधारली. ८.१५ ला बाकावर बसून उकडलेली अंडी खाल्ली. नणंदबाई गाणी म्हणत होत्या. त्यांना सूर नाही, पण वर्षभरात मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता, म्हणून बोलले नाही.

९.५० च्या सुमारास पाण्याच्या टाकीपुढचे वळण आले. या वळणाबद्दल आधी सांगणे भाग आहे. इथे आले की यजमान दरवर्षी न चुकता ओरडायचे, "अगं, उजवीकडे बघ, ससा!" उजवीकडे टेकडी आहे. मी मान वळवून झुडपात डोळे फाडफाडून बघायची. ते म्हणायचे, "गेला! तुझं लक्षच नसतं." परत येताना ससा डावीकडे असायचा, कारण टेकडी डावीकडे यायची. तोही मला कधी दिसला नाही. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी बाई मी, मला एक ससा दिसेना. मी दोनदा नंबर बदलून घेतला. एका वर्षी मी सशासाठी गाजर नेले होते. ते यजमानांनी खाल्ले आणि म्हणाले, सशाने तुझे आभार मानलेत.

आज त्या वळणावर मी पुढे होते. डाव्या बाजूला कठडा नाही. रस्त्याची कड संपते तिथे खाली सरळ समुद्र आहे, इतका खाली की लाटांचा आवाजसुद्धा वर येत नाही. सायकल कडेपासून दोन हातांवर होती. उंचीला मीही भिते. नणंदेपेक्षा थोडी जास्तच, पण घरात ते एकाच माणसाला ठाऊक होते.

माझे पाय पेडलवर थांबले, सायकल आपल्या वेगाने चालतच होती. सव्वीस वर्षे मला कसे येड्यात काढले, याचा आधी राग आला. मग रडू आले. ते अपघाताचे कारण म्हणून लिहू नये. मागून नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, पाय का थांबवलेत? काय आहे पुढे?" तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "वन्सं, उजवीकडे बघा, ससा!" आणि उजवा हात बाहेर काढून मी टेकडीकडे बोट दाखवले. हात दाखवायचे काम माझे असते. हँडलसुद्धा आता माझ्याकडेच आहे, हे हाताला कळले नाही. अंग उजवीकडे झुकले, सायकल उजवीकडे गेली. डावीकडे गेली असती तर हा जबाब तुम्हाला मिळाला नसता.

उजवीकडे टेकडीच्या पायथ्याशी चित्रकार छत्री लावून, समुद्राकडे तोंड करून बसले होते. सायकल त्यांची तिपाई पाडून चित्रावरून गेली. चाकाचा पट्टा समुद्रातून निघून आकाशात गेला आहे, ते मी पाहिले व दिलगिरी व्यक्त केली. माझा एक गुडघा रंगाने हिरवा झाला. कुणाला मार लागलेला नाही. चित्रकारांची तक्रार अशी की, या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून, आरडाओरडा करून सायकल मुद्दाम माझ्या अंगावर घातली.

हवालदारांनी मला सांगितले की मुद्दाम ठरले तर सायकल ठाण्यात जमा राहील. मुलाला फोन गेलेला आहे. तो गाडी घेऊन येईल, मला गाडीत घालील आणि सायकल इथून सुटली की परस्पर भिंतीवर जाईल. म्हणून वरचे सगळे सांगावे लागले. एरवी मी हे कुणालाही सांगितले नसते.

विचारल्यावरून सांगते की, चित्रकार सकाळी सहापासून तिथे बसले होते आणि ससा नव्हता असे ते म्हणतात, ते बरोबर आहे. ससा नव्हता. कधीच नव्हता.

नणंदबाईंनी आपल्या जबाबात ससा स्वतः पाहिला, करड्या रंगाचा होता, एक कान दुमडलेला होता, असे लिहून दिल्याचे मला समजले. त्यांना खरेच दिसला की मला सांभाळून घेतायत, देव जाणे. त्यांचा जबाब बदलू नये.

माझे सांगून होईपर्यंत चित्रकार पलीकडच्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी 'मुद्दाम' हा शब्द मागे घेतला व तसे वेगळे लिहून दिले. ते म्हणाले, "मी उद्याही तिथंच बसणार आहे, छत्री जरा मागे घेतो. तुम्ही ओरडलात की मी म्हणेन, होय, आत्ताच पळाला." सायकल आम्हाला मिळाली. मुलगा आला तर त्याला चहा पाजून रिकाम्या गाडीने परत पाठवावे, ही विनंती. आम्ही दीपगृहापर्यंत जाणार आहोत. इथून पुढे रस्ता खरोखरच सपाट आहे, हवालदारांना विचारून खात्री केली.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. नणंदबाई बाहेर बाकावर बसलेल्या असल्याने तो माझ्या सांगण्यावरून अगदी हळू आवाजात वाचण्यात आला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे, म्हणून सही करते. तरी त्यातले एक अक्षरही त्यांच्या कानी जाऊ नये. उद्या परत त्याच वळणावरून जायचे आहे, आणि येताना ससा डावीकडे असतो.