मुरबाडचं भाडं आणि मुंबईची कुलपं

...आणि वर लोक विचारतात, त्यात घाबरायचं काय होतं? काय होतं म्हणजे? तुम्हाला सांगतो, त्या बेचाळीस सालच्या शिमग्यात आमच्या मुरबाडच्या बाजारात दूध महागलं, लाकूड महागलं, रॉकेल तर दिसेनासंच झालं, आणि अंड्याची ही कथा की कोंबडी खुराड्यात बसली की बाहेर मुंबईचा एक माणूस टोपी सावरत उभा, ती कधी उठते म्हणून वाट बघत... आणि हे सगळं कुणापायी, तर त्या जपानापायी, ज्यानं मुरबाड कधी बघितलं नाय आणि मुरबाडानं त्याला! मास्तरांनी पेपर वाचून सांगितलं, सिंगापूर पडलं, तेव्हा आमच्या कुंडलिक शिंप्यानं मशीनवरून मान वर करून विचारलं, "पडलं म्हणजे, कुणाच्या अंगावर?" सगळे हसले. पण आठ-पंधरा दिवसांत बाँबच्या भीतीनं मुंबई रिकामी व्हायला लागली आणि बोचकी, बंब, पोपटाचे पिंजरे घेऊन कल्याणवरनं मोटारींनी मुरबाडात येऊन थडकली, तेव्हा हसणारा एक राहिला नाय. सिंगापूर पडलं ते आमच्याच अंगावर की हो.

आता हा कुंडलिक कसा, तर बाजारपेठेत धोंडूबाईच्या दोन खणांच्या घरात भाड्यानं राहायचा, पुढच्या खणात मशीन, मागच्या खणात चूल आणि बायको गिरजा. भित्रा नव्हता. तुम्हाला सांगतो, कुंडलिक भित्रा नव्हता, नुसता घाबरलेला असायचा. फरक आहे. भित्रा माणूस उठून पळतो. हा घाबरायचा आणि तिथंच बसून शिवत राहायचा, हात इतके थरथरायचे की सुईत दोरा गिरजा ओवून द्यायची, आणि शिलाई बघाल तर कुठं एक टाका वाकडा नाय.

आणि घाबरू नये तर काय करावं? गिरजेला आठवा महिना लागलेला. आधीची दोन जगली नव्हती, एक जन्मताच गेलं, एक सवा महिन्यानं, आणि त्या घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. तेव्हा कुंडलिकाची भीती जपानची कमी आणि ही जास्त. पण चारचौघांत माणूस जपानाचं नाव सांगतो, ते बरं दिसतं.

अशात एक दिवस धोंडूबाई दारात येऊन बसली आणि म्हणाली, "कुंडलिका, तुला मी पोटच्या पोरापरीस कधी कमी मानला का रे?"

कुंडलिकानं मशीन थांबवलं. बारा वर्षांत ही बाई त्याच्याशी गोड बोलली नव्हती.

"नाय मानला," तो म्हणाला.

"मुंबैचे एक सायब आलेत. या दोन खणांचं पाचपट भाडं देतात. आन घासाघीस करत नाय रे... मी म्हनलं तेवढं देतात. आता घासाघीस न करनाऱ्या मानसाला नाय कसं म्हनायचं, ते माझ्या आयशीनं मला शिकवलंच नाय."

"पण धोंडूबाई, गिरजेचे दिवस भरत आले."

"म्हनून तर इतक्या लवकर सांगते. पाडव्यापातुर ऱ्हा."

झालं. कुंडलिक जागा बघत हिंडला. अख्खं मुरबाड पालथं घातलं, तुम्हाला सांगतो, जिथं जावं तिथं आधी मुंबई येऊन बसलेली. पडवीत मुंबई, माळ्यावर मुंबई, एका ठिकाणी तर पेंढ्याच्या मांडवात एक कारकून चष्मा लावून हिशेबानं पाण्याचा तांब्या पीत होता. टोकावड्यापर्यंत चालत गेला, तिथंही तेच. "आमच्या इथं जागा आसती तर आमीच घरात नसतो राह्यलो?" म्हणून तिथला माणूस उलट त्यालाच विचारू लागला. गिरजेला माहेर म्हणाल तर आईबाप कधीच वारलेले, एक भाऊ रामू, तो मुंबईत परळला गिरणीत.

आणि त्या रामूचंच पत्र आलं. की दाजी, इथं आमच्या चाळीत खोल्याच खोल्या, मालक म्हणतो भाडं नको, नुसते राहा, माणसाचा वावर असला म्हणजे चोर शिरत नाय. ताईला घेऊन या. बाळंतपणाला तिची वैनी आहेच.

"जाऊ या," गिरजा म्हणाली.

"गो, तिथली मानसं जीव घेऊन हितं पळाली..."

"म्हनून तर जागा झाली."

"आन बाँब?"

"बाँब पडंल का नाय ते मला ठाव नाय. पाडव्याला मी रस्त्यावर असनार, ते ठाव हाय."

म्हणून म्हणतो, भित्रा नव्हता. नुसता घाबरला, आणि मशीन बांधायला घेतलं.

आता तो प्रवास ऐका. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या धुरावर चालणारी ती मोटार, चढ आला की उतारू उतरून ढकलणार, टपावर मशीन, आत आठ महिन्यांची पोटुशी गिरजा, आणि समोरून येणारी प्रत्येक मोटार माणसांनी गच्च भरलेली, त्यातले लोक यांच्याकडं बघतायत, एक म्हातारी तर खिडकीतून हात जोडून नमस्कार करून गेली, जसं काय हे लढाईवरच निघालेत. कल्याणच्या स्टेशनात तिकीटबाबूनं चष्म्यावरून बघितलं. "मुंबईहून आलात ना?" "नाय, चाललो." "जाताय? तिकडे?" मग हळू आवाजात, "परतीचं देऊ ना?" आणि गाडीत अख्खा बाक त्याचा एकट्याचा! जन्मभर ऐकलेलं की मुंबईच्या गाडीत उभं राहायला जागा नसते, आणि हा लांबलचक बाकावर एका कडेला अंग चोरून बसलाय... माणसं नाहीत याची इतकी भीती वाटते हे त्याला तोवर कुठं ठाऊक होतं?

रामू चाळीच्या दाराशी उभा. तोंड उतरलेलं. मागं वैनी दिसेना.

"वैनी कुठं?" गिरजेनं विचारलं.

"तिला... परवा जुन्नरला धाडली. तिचा भाऊ न्यायला आला, सगळीच चालली होती ना ताई, तिचाही धीर सुटला. पत्र टाकलं होतं मी."

ते पत्र, तुम्हाला सांगतो, त्याच वेळी मुरबाडात धोंडूबाईच्या हातात होतं, आणि ती कुणाकडनं तरी वाचून घेत होती.

बरं, जागा मात्र खोटी नव्हती. तीन मजल्यांची चाळ, मजल्यावर चौदा खोल्या, आणि हे सोडले तर रामू आणि कुठंतरी वर एक-दोन माणसं, बाकी कुलपं. मोठी कुलपं, लहान कुलपं, एका दाराला नुसता दोरा आणि त्याला गाठी. दोन खणांत बारा वर्षं काढलेल्या माणसाला तीन खोल्या मिळाल्या, एकीत चूल, एकीत अंथरूण, एकीत मशीन, आणि गिरजा म्हणाली, "बोललं की घुमतं हो." त्यावर दोघंही हळू बोलायला लागली.

आणि काम पण मिळालं, नाय असं नाय. रात्री विमानाला उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांना लावायला काळे पडदे पायजेत, अख्ख्या मुंबईला पायजेत, आणि शिंपी निम्मे पळालेले. कुंडलिक दिवसभर काळं कापड शिवी. पण भोंगा! मुंबईला दोन तऱ्हेचे भोंगे, एक गिरणीचा, एक विमानं आली सांगणारा, आणि ह्याला दोन्ही सारखेच. गिरणीची पाळी सुटली की हा मशीनखाली पालथा. सकाळी पालथा, दुपारी पालथा, रात्रपाळी लागली की पालथा, आणि पाचव्या दिवशी खरोखरचा विमानाचा भोंगा झाला, सराव म्हणून, तर हा म्हणतो कसा, "गिरजे, जेवायची वेळ झाली वाटतं." रामू हसून हसून लोळला. पण गिरजा हसली नाय. ती इथं आल्यापासून हसलीच नव्हती. पोटावर हात ठेवून गॅलरीत बसायची आणि कुलपांकडं बघायची.

अन् एका दुपारी, दिवस पुरे भरले नव्हते, अजून पंधरा दिवस तरी होते, रामू पाळीवर गेलेला, आणि गिरजेनं भिंत धरली. "सुईन आना," म्हणाली. एवढंच. ओरडली नाय. दोनदा यातून गेलेली बाई, तिचा तो शांत आवाज ऐकून कुंडलिक कात्री टाकून तसाच उठला.

तो जिना उतरून रस्त्यावर जातो न जातो, तोच भोंगा. वर-खाली, वर-खाली, विमानाचा. आता मात्र त्याला बरोबर कळला, तुम्हाला सांगतो, आणि आता पालथं पडायला सवड नव्हती. कोपऱ्यावरचा खाकी कपड्यातला वार्डन शिट्टी फुंकत आला.

"आत व्हा. रस्त्यावर कोणी यायचं नाही."

"सायब, बायको..."

"बायकोलाही आणायचं नाही."

"ती बाळंत होतेय."

वार्डनही बापई माणूसच. क्षणभर गडबडला. "हुकूम आहे हो," म्हणाला, "दुसरा भोंगा होईपर्यंत रस्ता ओलांडू देता येत नाही. चाळीतच बघा कोणी बाई मिळते का."

चाळीत! कुंडलिक उलटा धावला. पहिला मजला, दार ठोठावलं, कुलूप. दुसरं, कुलूप. कुलूप दिसतंय, तरी ठोठावतोय, कारण हात थांबेनात. दुसऱ्या मजल्यावर धावत गेला, कुलूप, कुलूप, कुलूप... आणि खालून गिरजेचा आवाज, आता मात्र ओरडण्याचा, आणि त्या रिकाम्या चाळीत तो आवाज घुमतोय, कुठल्या दारातून येतोय कळत नाय, चौदाच्या चौदा खोल्यांत जशी काय गिरजाच कण्हतेय. मुरबाडात असती तर? मुरबाडात बाई नुसती कण्हली तर शेजारच्या तीन-चार जणी पदर खोचून आल्या असत्या, न बोलावता, आणि वर कुंडलिकालाच ओरडल्या असत्या. इथं बेचाळीस खोल्या फुकट, आणि हाकेला ओ देणारं कुणी नाय. तो रडत होता, हे त्यानंच मला सांगितलं, रडत होता आणि ठोठावत होता.

तिसऱ्या मजल्याचं शेवटचं दार उघडं होतं. आत एक म्हातारी पाटावर बसून कांदा चिरत होती. हिरी तिचं नाव, गिरणीवाल्यांना डबे करून घालायची.

"काय रे, कोन तू?"

"बायको... खाली एक नंबर खोली... दिवस... भोंगा..."

"बायकोचे दिवस भरलेत का भोंगा झालाय, एक काय ते सांग."

"दोन्ही."

हिरीनं विळी आडवी केली. "चल, पुढं हो. चुलीवर पानी ठेव. रडायचं आसंल तर पानी ठेवून रड."

मग तो दाराबाहेर. आत त्या दोघी. विमान आलं नाय, बाँब पडला नाय, सरावच तो, पण कुंडलिकाला विचाराल तर ती दुपार लढाईचीच. आणि मग आतलं ओरडणं थांबलं, आणि पोर रडेना. एकदम सगळं गप्प. चाळ गप्प, रस्ता गप्प. हिरीचा आवाज आला, "आगो, रड की, रड की गो बाय," आणि पाठीवर चापट्या मारल्याचा आवाज, आणि परत गप्प... याआधी एकदा त्यानं ही अशी शांतता ऐकलेली. तो भिंतीला टेकून उभा, श्वास घेईना, जसं काय त्यानं श्वास घेतला तर पोरीच्या वाटचा कमी पडेल.

आणि रडली. अशी रडली की अख्ख्या चाळीतली कुलपं हलली असतील. त्याच वेळी 'सगळं ठीक'चा लांब भोंगा झाला, आणि कुंडलिक, बारीकसाही आवाज न करता, गॅलरीत पालथा झाला.

"आवं, कुठं गेलात?" आतून गिरजेचा दमलेला आवाज.

"हितंच हाय. पडलोय."

तेव्हा गिरजा हसली. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा.

बाराव्या दिवशी पोरीला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "मला मुरबाडला न्या."

"गो, तिथं राहायला जागा नाय, दूध परवडत नाय, धोंडूबाई पाचपट मागते. हितं तीन खोल्या फुकट हायेत."

"फुकट का हायेत, कळलं मला त्या दिवशी. पोरीला रात्री-अपरात्री ताप आला तर कुनाचं कुलूप वाजवनार तुमी?"

पोरीचा बाप झाल्यावर आता नवी भीती लागणार होती, आणि ती त्याला लागलीच होती. दुसऱ्या दिवशी मशीन बांधलं. गिरजेनं हिरीलाही म्हटलं, "तुमी पन चला मावशे. हितं एकट्या कशाला राहता?"

"आदी गेले नाय, कारन जायला गाव नव्हता," हिरी म्हणाली. "आता तू गाव देतेस, तर मला ह्या नळाची सवय लागली. तीस वर्सांत पैल्यांदा नळावर मी एकटी, बाय. कोन ढकलत नाय, कोन भांडत नाय, भरल्या बादलीकडं बघत नुसती उभी ऱ्हाते. हे सुख टाकून कुठं येऊ?" आणि पोरीच्या मुठीत सुंठेचा एक खडा ठेवून जिना चढून गेली.

तर अशी ही मंडळी मुरबाडात परत. दोन खणांत मुंबईचे साहेब, दाराला त्यांचा पडदा. धोंडूबाईनं आधी पोर हिसकावून घेतली, तीट लावली, तेल चोळून न्हाऊ घातली, शेजारणींना हाका मारून दाखवली, गिरजेला "हाडं निघाली गो तुझी" म्हणून खिमट करून घातलं, आणि मग पदराला हात पुसत कुंडलिकाला म्हणाली, "मागं गोठा रिकामा हाय. म्हस इकली मी गुदस्ता. भाडं मातुर पयल्या घराचंच पडंल."

"गोठ्याला घराचं भाडं?"

"मुंबैच्या मानसाला सांगितलं असतं तर दुप्पट सांगितलं असतं. तू घरचा."

कुंडलिकानं हो म्हटलं. न घासाघीस करता.

नंतर कुणी कुणी त्याला विचारायचे, मी पण विचारलं, बाबा रे, तिकडं तीन खोल्या फुकटात, आणि इकडं तू गोठ्यात, दूध अर्धं पाणी, लाकूड सोन्याच्या मोलानं, कसं परवडतं तुला? तर त्यानं सुई माझ्याकडं केली, दोरा ओवून द्या म्हणाला, हात थरथरतच होते... भित्रा नव्हता हो, नुसता घाबरलेला... आणि म्हणाला,

"परवडत नाय. पन हितं हाक मारली की मानूस येतो." गल्लीतून धोंडूबाईच्या चपला वाजत येत होत्या, तिकडं बघून म्हणाला, "नाय मारली, तरी येतो."