न निघालेल्या रेकॉर्डचं जॅकेट

मंडळी, जयभीम.

शोकसभेत मला बोलायला उभं करणं ही संयोजकांची चूक आहे. माझं पोट लोकांची टर उडवण्यावर चालतं. आज समोर शोभावहिनी बसल्यात, तिथं टर चालायची नाही.

गौतमदादा गेले. आपल्या नांदेडचे गौतमदादा. माझ्या पुस्तकांची मुखपृष्ठं त्यांनी केली, लोकांनी बहुधा तेवढीच वाचली. पण त्यांचा जीव रेकॉर्डच्या जॅकेटात. पुठ्ठ्याचं चौकोनी पाकीट, आत कागदाची पिशवी, पिशवीला मधोमध गोल भोक. रेकॉर्ड बाहेर न काढता तिच्यावरचं नाव वाचता यावं म्हणून. अलीकडे पुण्याची पोरं उघड्या पडलेल्या जुन्या रेकॉर्डी घेऊन यायची. दादा त्यांना नवं जॅकेट करून द्यायचे. म्हणायचे, "गाणं नागडं ठेवू न्हाई, बाबा."

त्यांच्या पहिल्या जॅकेटावरून आज सभेत कुजबुज चाललीय. ती उघडच बोलतो.

तरुणपणी एका कंपनीनं त्यांना काम दिलं. गाणारीचा फोटो येणार होता, आला नाही. दादांनी पाठमोरी बाई काढली, शेताच्या वाटेनं चाललेली. गाण्यांची नावं येणार होती, आली नाहीत. छापखान्याची घाई. दादांनी मागच्या बाजूला, जागा भरायला, मनानंच एक नाव टाकलं. 'दार लावू नको, मी येऊन राहिले.' जॅकेटं छापली. रेकॉर्ड निघालीच नाही. कंपनी बुडाली. गठ्ठे रद्दीत गेले, आणि रद्दीतून खेड्यापाड्यांत. कुणी पोरांच्या पुस्तकांना कव्हर घातलं, कुणी माठावर झाकण ठेवलं.

आणि मग बाया ते गाणं म्हणायला लागल्या.

नाव छापलेलं होतं, कबूल. पुढच्या ओळी नि चाल कुणी छापली होती? किनवटला तीच चाल. औशाला तीच. एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या बाया, आणि सगळ्या एकाच जागी थांबतात. शेवटच्या दोन ओळी कुणालाच येत नाहीत. मी औशाचा. माझी आईही तिथंच थांबायची. मी विचारलं, "पुढं काय?" म्हणाली, "पुढं न्हाई. अजून पोचली न्हाई ती."

मी दादांना छेडायचो, "पुठ्ठ्याला चाल लावणारे तुम्ही पहिलेच!" ते हसायचे नाहीत. "पाठमोरी काढली होती रे मी तिला," म्हणायचे. "पण घरातल्या जॅकेटावर हल्ली तिचा गाल दिसून राहिलाय." मी जाऊन पाहिलं. पुठ्ठा जुना, ओल लागली असेल, म्हणालो. मी शहाणा माणूस. पुन्हा पाहायला मात्र गेलो नाही.

परवा, दवाखान्यात, भर दुपारी. खोलीत दोघंच, वहिनींनी सांगितलं तसं सांगतो. वहिनी मोसंबी सोलत होत्या. दादा ते गाणं गुणगुणायला लागले. सगळे थांबतात तिथं आले. थांबले नाहीत. त्या दोन ओळी म्हणून गेले. वहिनींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हाताखालून ते म्हणाले, "शोभा, दार लाव." वहिनी उठल्या, दार लावलं, वळल्या. दादा गेले होते.

त्या दोन ओळी आता वहिनींना येतात. जगात फक्त वहिनींना.

किनवटच्या कौसल्यामावशी आपल्या गाणाऱ्या बाया घेऊन आल्यात. मघा माझ्यासमोर वहिनींना म्हणाल्या, "पोरी, म्हणून टाक. आमी समद्या ऐकतो. वाटून घिऊ." आणि वहिनी माझ्या कानाशी आल्या. "भाऊजी, लई दात आवळून बसलेय. पण म्हणलं, तर ती पाठमोरी बाई ऐकणाराच्या घरी जाईल, जशी ह्यांना न्यायला आली."

अशा गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली. उद्याही करीन. आज नाही.

मावशी, तुमची माया खरी आहे. पण आज ऐकायचं नाही. वहिनींच्या शेजारी उभ्या राहा, त्यांचा हात धरा. वाटून घ्यायचं ते एवढंच.

दादा, तुम्हाला शेवटचा जयभीम.

मंडळी, उठा. दोन मिनिटं म्हणत नाही, घड्याळं पाहू नका. ज्याला चाल आठवेल त्यानं ती गिळावी. त्या दोन ओळी पोटात उतरून वहिनींचा जबडा सैल झाला की त्या खाली बसतील. त्या बसल्या की मग आपण बसायचं.