दिवस म्हंजे किती

…आता तुम्हीच सांगा, प्रार्थना संपली की माणसानं घरी जावं का न्हाई? भाकर खावी, जनावराला पाणी दाखवावं… पण आमच्या देवणीच्या प्रार्थनाघरात आमेन म्हणायचा अवकाश, की बहस सुरू. देवानं ही दुनिया सहा दिवसांत केली, तर तो दिवस म्हंजे किती? शाळेवरचे शिवलिंग मास्तर छडी आपटत म्हणणार, "दिवस म्हंजे दिवस. सूर्य उगवला ते मावळला." अन् दवाखान्यातले कंपाउंडर किशनराव, चष्मा पुसत पुसत, "पण मास्तर, सूर्य तर चौथ्या दिवशी केला. आधीचे तीन दिवस काय कंदिलावर मोजले? देवाचा एक दिवस म्हंजे आपली हजारो वर्षं." झालं… दिवस म्हंजे किती, दिवस म्हंजे किती! अन् मी, प्रार्थनाघराचा राखणदार, कुलूप घेऊन दारात उभा. दोघंबी मंडळीचे पंच, त्यांना बाहेर काढणार कोण?

अन् तुम्हाला सांगतो, खांबापाशी साखराबाई बसलेली असायची. दर रविवारी, बहस संपायची वाट बघत. उन्हाळ्यात तिला लेकरू झालं. सकाळी झालं अन् दिवे लागायच्या आत गेलं. बाप्तिस्मासुद्धा न्हाई झाला. कबरस्तानात मातीचा उंचवटा तेवढा राहिला, अन् त्याच्यावर तिला दगड बसवायचा होता, नाव घालून. दानियेल. नाव तिनं पोटात असतानाच ठरवलं होतं. पण बाप्तिस्मा न झालेल्याच्या नावाचा दगड बसवायचा तर पंचांची परवानगी लागते, अन् आमचे पंच तर अजून आदमापर्यंतसुद्धा पोचले न्हवते.

एका रविवारी तिला राहवलं न्हाई. पदर सावरत उठली अन् हळूच म्हणली, "मास्तर, माझं लेकरू एक दिवस होतं. तो दिवस म्हंजे किती?"

किशनरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हजारो वर्षं म्हणायची त्यांची छाती झाली न्हाई त्या माउलीपुढं. मला वाटलं, मास्तर आता नियम सांगणार. बाप्तिस्मा न्हाई, दगड न्हाई. पण त्यांनी छडी खाली ठेवली.

"दिवस म्हंजे दिवस, साखराबाई," ते म्हणले, पण आवाज रोजचा न्हवता. "देवानं एका दिवसात उजेड केला, अन् चांगला हाय म्हणला. तुझं लेकरू अख्खा दिवस जगलं. बसव दगड."

खोटं कशाला सांगू, मी भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले.

पण हे दोघं ते दोघंच! पाथरवटानं विचारलं, साल कोणतं घालू? मास्तर म्हणले इसवी, किशनराव म्हणले निजाम सरकारात फसली चालतं, अन् तिथंच, कबरीपाशी, सुरू…

"साल राहू द्या," साखराबाई म्हणली. "एक दिवस, एवढंच घाला."

तेवढंच हाय दगडावर. दानियेल. एक दिवस. अन् तुम्हाला सांगतो, त्या दगडापुढं दोघांपैकी एकानंही विचारलं न्हाई, दिवस म्हंजे किती.

पुढच्या रविवारी पुन्हा सूर्यापासून सुरू झाले, ते काय सुटतंय. साखराबाई आता आमेन झालं की उठते अन् कबरस्तानाकडं जाते, तिचा फैसला झालाय. मी आपला कुलूप घेऊन उभा… आज कितवा दिवस चालू हाय, ते ऐकत.