आकाश काय कमी पडतंय?

लेक आज पहिल्यांदाच एकटीनं विमान उडवणार, ते बघायला आई प्रशिक्षण शाळेत आली होती. लेक वर गेली, तशी ती कँटीनच्या रांगेत उभी राहिली. पुढे दोन शिक्षक होते. त्यांतल्या थोरल्यानंच सकाळी तिला सांगितलं होतं, "ताई, अगदी निर्धास्त राहा."

"काल तुमचं विमान धडकता धडकता वाचलं म्हणे?" धाकट्यानं त्याला विचारलं.

"समोरच्याच्या चाकाला लागलेला चिखल दिसला मला. आणि तो पोरगा रेडिओवर भलतीच जागा सांगत होता."

"म्हणजे चूक त्याचीच."

"त्याची कसली? एवढ्याशा जागेत चार शाळांची पोरं घिरट्या घालतात. कोण कुठं आहे, कुणाच्या बापाला ठाऊक नसतं."

"साहेबांच्या कानावर घातलंत?"

"घातलं की. म्हणाले, आकाश काय कमी पडतंय?"

"मागच्या धडकेत दोघं गेली, तेव्हा शाळांनी वेळा वाटून घ्यायचं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. मग दोघांच्या नावाची पाटी लावली, फुलं वाहिली आणि सगळे आपापल्या कामाला लागले."

"तुमची मुलगी येणार होती ना इथं शिकायला?"

"हट्टच धरून बसली होती. बँकेच्या परीक्षेला बसवलं तिला. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. नाही बोलली तरी चालेल."

दोघं चहा घेऊन बाजूला झाले.

"बाई, काय देऊ?" काउंटरवरच्या माणसानं दुसऱ्यांदा विचारलं.

आई खिडकीतून वर बघत होती. वर पाच-सहा विमानं फिरत होती, सगळी सारखीच पांढरी. त्यांतलं आपलं कुठलं, ते तिला ओळखता येईना.