शटर सात पन्नासला वर जात होते त्याबाबत

पुरवणी जबाब
दिनांक २३ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी १०.१५

नाव इत्सेल बारागान ओचोआ, वय २६ वर्षे, धंदा शिक्षण (पाणीपुरवठा अभियांत्रिकी, दुसरे वर्ष), मूळ गाव पुएब्ला, मेक्सिको. सध्या राहणार द्वारा श्रीमती गेर्लिंडे आउस्टरमान, लिंडेन गल्ली क्र. १४, म्युन्स्टर, जर्मनी.

मी आपणहून ठाण्यात हजर होऊन सांगते की, आज मला कोणी बोलावलेले नाही. सोमवारी याच टेबलाशी बसून मी एक जबाब दिला आहे. त्यात काही खोटे सांगितले आणि बरेच गिळले. ते दुरुस्त करायला आले आहे. जर्मन मला येते, दुभाषी नको.

आउस्टरमानबाई ८४ वर्षांच्या, पोस्टातून निवृत्त. त्यांच्याकडे मी दीड वर्षापासून राहते. खोलीला भाडे नाही. त्याऐवजी मी बाजारहाट करायचा, बागेतला पाला गोळा करायचा आणि शुक्रवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत घरी राहायचे, कारण मदतनीस बाई शनिवार-रविवारी येत नाही. तशी माझी सही आहे. बाईंचा मुलगा होल्गर हांबुर्गला असतो. त्याला आईला वृद्धाश्रमात ठेवायचे होते. मी राहायला आले म्हणून त्या स्वतःच्या घरात राहू शकल्या. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

आम्हा बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांत सुट्टीचे दोन दिवस नवे शहर गाठायची रीत आहे. आमच्यात एकच नियम. तिथे एक रात्र झोपल्याशिवाय शहर मोजायचे नाही. गेल्या वर्षी मधल्या वारच्या सुट्ट्यांत जाऊन माझी आठच झाली होती. माझी जॉर्जियाची मैत्रीण नातिया सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, तू युरोपात आलीयेस का म्हातारीच्या माजघरात?" सगळे हसले. मीही हसले, पण ते लागले.

या वर्षी मार्चमध्ये मी बाईंना भीतभीत विचारले. त्या म्हणाल्या, "जा की! या वयात नाही फिरायचं तर काय माझ्या वयात? फक्त होल्गरला कळू द्यायचं नाही. आणि आल्यावर सगळं सांगायचं, काय खाल्लंस ते आधी." तेव्हापासून मी सोळा शनिवार-रविवार बाहेर काढले. पायाला भिंगरीच लागली. रविवारी संध्याकाळी बाई टेबलावर नकाशा पसरून बसत आणि मी सांगत असे. त्या खूश असत, म्हणून माझे चुकत नाही अशी मी स्वतःची समजूत घातली.

समोर १७ नंबरात श्री. थेओडोर वेसलिंग राहतात. वय ७३, निवृत्त बसचालक. त्यांचा आणि बाईंचा अकरा वर्षांपासूनचा ठराव आहे. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीचे शटर वर गेले की बाई ठीक आहेत. वेसलिंग त्या खिडकीकडे बघून हात करतात आणि पेपर घेऊन आत जातात. साडेआठपर्यंत शटर खालीच असेल तर त्यांनी किल्ली घेऊन यायचे. आमच्या गल्लीत एकट्या माणसांचे असेच चालते.

शटर पूर्वी पट्टा ओढून वर घ्यावे लागे. बाईंचा खांदा दुखतो म्हणून मी त्याला मोटर आणि बटण बसवून दिले. बाईंनी ते गल्लीभर सांगितले. "माझ्या पोरीने बसवलं," असे सांगत. मला पोरगी म्हणत.

मे महिन्यात मी लक्झेंबर्गला गेले असताना बाई उशिरापर्यंत झोपून राहिल्या. वेसलिंग किल्ली घेऊन आत आले. त्यांनी माझ्याबद्दल विचारले, "मेक्सिको कुठंय?" बाई म्हणाल्या, "बेकरीत गेलीय." त्यांना ते पटले नाही असे बाईंनी मला सांगितले. चोराच्या मनात चांदणे. वेसलिंग होल्गरला कळवतील या भीतीने मी दुसऱ्याच दिवशी मोटरवरचा टायमर लावला. तेव्हापासून शटर रोज सकाळी ७.५० ला आपोआप वर जाई आणि संध्याकाळी सातला खाली येई. बाईंना म्हणाले, "आता तुम्ही खुशाल नऊपर्यंत झोपा." वेसलिंग यांना सांगितले नाही. ते आजही समजतात की कोणीतरी बटण दाबते.

सोमवारी मला विचारले होते की शटर कसे उघडते. मी "बटणाने" एवढेच सांगितले. टायमर लावल्यावर बाईंना काही झाले तरी शटर वर जाईल, हे तेव्हा मला सुचले होते. सुचूनही मी तो लावला.

शुक्रवार दि. १७ रोजी दुपारी एकला मी घर सोडले आणि डॉर्टमुंडहून विमानाने पोलंडमधल्या ग्दान्स्कला गेले. ते माझे चोविसावे शहर. रविवारी संध्याकाळी ७.२० ला परत आले. बाई न्हाणीघराच्या वाटेवर, बोळात पडलेल्या होत्या. खुंटीवरचा माझा रेनकोट ओढून त्यांनी अंगावर घेतला होता. शनिवारी पहाटे उठल्या तेव्हा पडल्या, म्हणजे दीड दिवस त्या तिथे होत्या. खुबा मोडला आहे. ओठ फुटले होते. मी त्यांना चमच्याने पाणी पाजले.

त्या मला पहिल्यांदा म्हणाल्या, "आलीस? काय खाल्लंस तिथं?"

नंतर म्हणाल्या, "शटर वर गेलं की मी थेओला हाका मारत होते. मला माहीत होतं तो समोर उभा असणार. आवाजच निघेना गं."

रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. "हे बघ पोरी, कुणी विचारलं तर मीच तुला जा म्हणाले. मीच. कळलं?" मी हो म्हणाले.

त्यांना नेल्यावर मी आधी स्वयंपाकघरात गेले आणि टायमर बंद केला. मग दवाखान्यात गेले. हा क्रम मुद्दाम सांगते आहे.

होल्गर यांनी वेसलिंग यांच्यावर तक्रार दिली आहे. शटर दोन दिवस खाली होते, म्हातारा उठलाच नाही आणि आता सबबी सांगतो, असे त्यांचे म्हणणे आहे. काल दुपारी मी वेसलिंग यांच्याकडे गेले. खरे सांगायलाच गेले होते. त्यांनी दार उघडले. दाढी केलेली नव्हती.

"ये मेक्सिको, बस. प्लमचा केक आहे."

मी बसले. ते म्हणाले, "मला शटर वर दिसलं होतं गं. दोन्ही दिवशी. मी हात केला. रविवारी तर ती आत उभी दिसली असंही वाटलं. आता पोलीस विचारतात, नक्की का? छत्तीस वर्षं बस चालवली, एक आरसा नाही फुटला माझ्याकडून. पण आता नक्की म्हणवत नाही. परवा ठाण्यात म्हणून आलो, नसेल बघितलं नीट. माझंच चुकलं असेल."

मी केक खाल्ला. चांगला झालाय म्हणाले आणि परत आले. म्हणून आज आले आहे.

वेसलिंग यांनी जे पाहिले ते बरोबर पाहिले. शनिवारी व रविवारी शटर ७.५० ला वर गेले होते. टायमरमध्ये त्याची नोंद असते, ती काढून पाहावी. त्यांचे डोळे चांगले आहेत, हे त्यांना ठाण्यातून लेखी कळवावे अशी विनंती आहे, कारण माझ्या तोंडून ऐकले तर मी त्यांना बरे वाटावे म्हणून बोलते असे त्यांना वाटेल.

यावर जबाब घेणाऱ्या अधिकारी श्रीमती क्लाइनहान्स यांनी मला विचारले, "आउस्टरमानबाईंनी काल दवाखान्यात सांगितलंय, मीच तिला जा म्हणाले, पोरीचा दोष नाही. टायमरचं त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांचं खोटं धरू का?"

बाई टायमर विसरल्या नसाव्यात, मला वाचवायला बोलल्या नसाव्यात. बाकीचे असे आहे. शुक्रवारी साडेबाराला मी बॅगेची चेन लावत होते. बाई माझ्या खोलीच्या दारात आल्या. एक हात भिंतीला टेकलेला होता. म्हणाल्या, "या वेळी राहतेस का गं? काल दोनदा घेरी आली." याआधी त्यांनी असे कधीच म्हटले नव्हते. मी म्हणाले, "तिकीट परत होत नाही." त्या म्हणाल्या, "हो, तेही खरंच. मग जा."

"जा" त्या म्हणाल्या हे खरे आहे. सोमवारी मी तेवढेच सांगितले.

मी फाटकाशी पोहोचले तेव्हा त्यांनी खिडकीतून पुन्हा विचारले, "निदान उद्या फोन करशील?" माझ्या कानात इअरफोन होते. मी वळले नाही. फोनही केला नाही. गाणे अजून लावलेले नव्हते. मला स्वच्छ ऐकू आले होते.

हा मजकूर मला अधिकाऱ्यांनी सावकाश वाचून दाखवला. शेवटची चार वाक्ये तपासाला लागत नाहीत, हवी तर गाळू, असे त्या म्हणाल्या. ती मी गाळू दिली नाहीत. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेले आहे आणि खरे आहे. आउस्टरमानबाईंना यातले काय कळवायचे ते ठाण्याने ठरवावे. माझ्याच्याने होणार नाही.

सही
इत्सेल बारागान ओचोआ