प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

हॅलो? … हॅलो, तेजल? … हो, येतोय आवाज. … मी जेवले गो आत्ताच. तू काय खाल्लंस? … पाव? सकाळी पाव, रात्री पाव. वृद्धाश्रमातल्या त्या म्हाताऱ्यांना भरवतेस ना, त्यातलेच दोन घास तू पण खा की!

काय? … पास? जर्मन भाषेची परीक्षा? अगं बाई! देव पावला गो! … म्हणजे आता भरवणं-पुसणं बंद? फिजिओथेरपिस्ट म्हणून घेणार तुला? … हां. … हां. फक्त डिग्रीवर आपल्या सरकारचा शिक्का हवा. … माहितीये गं. तो नाही मिळाला तर दिवाळीला व्हिसाची मुदत संपली की बॅग भरून परत. दर फोनला सांगतेस.

हो, हो… अगं ऐक ना. … नाही, नाही मारला शिक्का. खिडकीवरचा माणूस परत तेच म्हणाला, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, लॅमिनेशन काढून आणा. … मग काय, काढायला घेतलं. … मी आणि शेजारचा हर्षद. तो म्हणाला, काकू, मोबाईलवर व्हिडिओ आहे, वर कपडा टाकून इस्त्री फिरवायची, प्लास्टिक आपोआप सुटतं. … सुटलं ना. झकास सुटलं.

तेजू… अक्षरं पण सुटली गो. प्लास्टिकला चिकटून आली. तुझं नाव, कॉलेजचं नाव, सह्या… खाली नुसता कागद राहिला.

हॅलो? … शिव्या दे हव्या तेवढ्या. … रडू नको गो बाय. माझेच हात मोडायला हवे होते.

बाबांना? छे! … नाही सांगितलं. तूच म्हणालीस ना, लॅमिनेशनचं त्यांच्यासमोर काढू नको, जिवाला लावून घेतील. … मग! पदवीदान झालं त्याच संध्याकाळी नाहूरहून भांडुपला लॅमिनेशन करायला पळाले होते. दुकानदार शटर ओढत होता, तर हे शटर धरून उभे. आपल्या घरातली पहिली डिग्री, वाळवी लागता कामा नये म्हणे. दर दसऱ्याला झेंडू वाहतात तिला. कुठल्या तोंडाने सांगू? … भिंतीवर खिळाच आहे नुसता. विचारलं तेव्हा म्हटलं, शिक्क्याला दिलीय. … खूश आहेत गं. दाढी करताना गुणगुणत होते.

नवीन काढायची? … चौकशी केली हर्षदने. दिवाळीच्या आत नाही येत म्हणे. … काय म्हणालीस? … मार्कशीट? … डिग्रीच्या जागी सध्या त्या चालतील? असं तिकडच्या ऑफिसवाल्या बाई म्हणाल्या? … शिक्का मारून. … हो, ओरिजनलवर, कळलं. … अगं, आहेत ना! चारही वर्षांच्या. त्यांना कुणी हात पण नाही लावलेला. प्लास्टिक नाही, काही नाही. … उद्याच जाते गं. हे आधी का नाही सुचलं यार आपल्याला?

थांब, कपाटच उघडते. … साड्यांच्या खाली ठेवल्यात. हिरवी फाईल. … अगं, इथेच होती. … घाई नको ना करू, बघतेय मी. … नाही, हर्षदने नाही नेली.

बेल वाजली. धर हं फोन. … अहो, तुम्ही? उन्हाचे कुठे गेला होतात? … ही फाईल कशाला नेलीत? … अहो, पण मला विचारायचं तरी! एका शब्दाने!

हो, तेजल, आहे मी. … बाबाच आहेत. … भांडुपला गेले होते. म्हणतात, डिग्री गेली सरकारात, आता मार्कशीटा पण मागतील. पोरीचे कागद परदेशात जाणार, मळके, चुरगळलेले कशाला पाठवायचे? … हो. … सगळ्या. … जाडवालं प्लास्टिक लावून घेतलंय गं. पन्नास वर्षं काही होणार नाही, म्हणतायत.

नको, ओरडू नको. … आपणच नाही ना सांगितलं त्यांना. त्यांचा काय दोष? … संपलं गं. कळतंय मला.

हसतायत. घामाने निथळलेत आणि हसतायत. फोन मागतायत तुझा. … देऊ? … तेजू, डोळे पूस आधी. आवाज नीट कर.

घ्या. बोला तिच्याशी. पास झालीय तुमची पोरगी.