अनंतकाकांच्या पेटीतला दिवा

मंडळी, बसा. मागचे पण बसा, खुर्च्या रिकाम्या आहेत.

काकी, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून तोंडातून शब्द फुटत नाही. आणि तुमच्या मागे बसलेल्यांकडे बघितलं की गप्प बसवत नाही.

अनंतकाका गुरुवारी गेले. आज रविवार. तेवढ्यात आपण बॅनर छापून मोकळे झालो. वाचा काय लिहिलंय. 'थोर कृषी अभ्यासक.' अरे वा! बुधवारपर्यंत ते किडेकाका होते. होते की नाही? बबन, मान खाली घालू नको. नाव तू ठेवलंस, पण हसलो आपण सगळेच.

जरा वर बघा. पंखे फिरतायत. पौष महिन्यात पंखे लावून शोकसभा चाललीय. काका असते तर एवढ्यावरच तासभर बोलले असते, आणि आपण घड्याळं बघितली असती.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. काका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. निवृत्त झाले आणि बागेत आंब्याच्या सावलीत एक पांढरी लाकडी पेटी टांगली. चारी बाजूंनी झडपा, आत तापमापक. आदल्या दिवशी जास्तीत जास्त किती तापलं, कमीत कमी किती उतरलं, ते रोज सकाळी सातला वहीत लिहायचे. मग मोहोर झटकून पांढऱ्या कागदावर पडलेले तुडतुडे, म्हणजे मोहोराचा रस पिणारे बारके किडे, मोजायचे. बहिणीकडे दिघीला जायचे, तर आगरदांड्याच्या फेरीबोटीत दुसरा तापमापक मांडीवर घेऊन बसायचे, तान्हं मूल घेऊन बसावं तसे. आणि आपण त्या पेटीला काय म्हणायचो? काकांचा देव्हारा.

आपली फवारणी कशी? पहिली दत्तजयंतीला, दुसरी संक्रांतीला. वाडवडिलांपासून म्हणतो आपण. वाडवडिलांकडे पंप तरी होता का हो? पण तारीख ठरलेली. तिळगूळ खायचा, पंप पाठीला लावायचा. आपण बागायतदार! कॅलेंडरकडे बघून झाडाचं दुखणं ओळखणारे!

काका सांगायचे, "अरे, किड्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते. बाहेर ऊब मिळेल तशी त्याची वाढ. थंडी पडली की अंड्यातलं पिल्लू रखडतं. ऊब वाढली की भराभर बाहेर येतं, भराभर मोठं होतं, परत अंडी घालतं. फारच तापलं तर मरतंही. त्याला संक्रांत ठाऊक नाही."

यावर बबन म्हणाला होता, "काका, किडं काय पंचांग बघत न्हाय, मग थर्मामीटर बघून येतात व्हय?"

हसलो. पोट धरून हसलो.

आता माझी गोष्ट. मी आपल्या बागायतदार मंडळाचा अध्यक्ष. हार घालायला पहिला मी, म्हणून हेही पहिल्यांदा मीच सांगायला पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी मी घरातलं निरांजन घेऊन काकांच्या बागेत गेलो. चार दिवस, रोज संध्याकाळी. देव्हारा आहे ना, मग दिवा लावू या! पेटीत ठेवायचं, थोडा वेळ थांबायचं, परत घेऊन यायचं. वात मुद्दाम बारीक ठेवायचो, म्हणजे आकडा खरा वाटावा. एवढी अक्कल होती मला. फक्त नको तिथे होती.

काकांनी ते आकडे धरून हिशेब केला. दारोदार फिरले, म्हणाले, "पिल्लं लवकर फुटणार, तयारीत राहा." लोक बागेत गेले. पिल्लू नाही, काही नाही. त्या दिवशी पारावर काकांची जी टवाळी झाली, ती मी ऐकली. ऐकली म्हणजे काय, मीच पुढे होतो.

पुढच्या वर्षी खरोखर थंडी पडली नाही. काका परत दारात. "अरुण, संक्रांतीची वाट बघू नको. पिल्लं फुटलीत." मी म्हटलं, "काका, आधी दिवा विझवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. चप्पल घातली आणि पुढच्या घरी गेले.

त्या संक्रांतीला आपण फवारलं काय? काळा पडलेला मोहोर. सगळा तुडतुड्यांचा चिकटा. आणि दोष कोणाला दिला? ढगांना.

परवा काकींनी वही माझ्या हातात दिली. त्या चार दिवसांच्या आकड्यांवर लाल रेघ आहे. बाजूला लिहिलंय, 'पेटीत जळकी वात सापडली. हे आकडे धरू नयेत.' नाव नाही. कोणाचंच नाव नाही. मंडळी, तुम्हाला आठवतं का, त्याच उन्हाळ्यात काकांनी पेटीपासून दहा पावलांवर एक छोटी फळी ठोकली आणि वर पाटी लावली? 'दिवा इथे लावावा. पेटीत नको.' त्या पाटीवरही आपण हसलो. मीही हसलो, आणि मला माहीत होतं ती कोणासाठी आहे.

काकी, मला माफ करा म्हणायचीही माझी लायकी नाही. तरी म्हणतो.

वहीतलं शेवटचं पान बुधवारचं आहे. वाचतो. 'ऊब फार. रविवार-सोमवारी पिल्लं फुटतील. अरुणला सांगणे.'

अरुणला सांगणे.

गुरुवारी पहाटे ते गेले. सांगायचं राहिलं.

आज रविवार आहे. संक्रांत अजून लांब आहे. म्हणून इथे पंख्याखाली दोन मिनिटं उभं राहून सुटका करून घेऊ नका. तसलं मौन काकांना नको. उद्या सकाळी सात वाजता प्रत्येकाने आपापल्या बागेत जायचं. एक मोहोर धरायचा, कागदावर झटकायचा आणि काय पडलं ते मोजायचं. मोजून होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. आयुष्यभर त्यांच्यासमोर बडबडलो, तेवढा वेळ तरी गप्प बसू. मी काकांच्या बागेत असेन. पेटी उघडून आकडा मी लिहीन.

काका, निरोप पोचला. नमस्कार.